कॉन्कररची हरवलेली नोंदवही

प्रत्येक युद्धनौकेत एक नोंदवही असते. दिशा किती अंशांनी वळवली, वेग किती ठेवला, कोणत्या वेळी काय दिसले किंवा ऐकू आले, हे पहाऱ्यावरची माणसे तिच्यात लगोलग लिहीत जातात. पाणबुडीत या वहीचे मोल आणखी जास्त, कारण तिच्या हालचाली बाहेरून पाहणारे कोणी नसते. नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांना पार्लमेंटपुढे सांगावे लागले, की एचएमएस कॉन्करर या पाणबुडीच्या नियंत्रण कक्षातली नोंदवही सापडत नाही. हरवली होती ती नेमकी फॉकलंड युद्धाच्या काळातली वही. ज्या दुपारी कॉन्कररने अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो ही क्रूझर बुडवली, त्या दुपारचा हिशेब तिच्यात होता. चौकशी झाली, पण वही मिळाली नाही.

कॉन्करर जवळपास एकोणीस वर्षे नौदलाच्या सेवेत होती. त्या वर्षांतले अगदी मोजके दिवस आज आपल्याला ठाऊक आहेत, आणि तेही तिच्या मालकांनी राजीखुशीने सांगितलेले नाहीत. खटला, खासदारांचे प्रश्न, एका अधिकाऱ्याची खासगी दैनंदिनी, तीस वर्षांनी आलेले एक पुस्तक, अशा वाटांनी ते बाहेर आले. अणुपाणबुडी बांधली जाते ती कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. समुद्रात हे मौन हेच तिचे शस्त्र असते. तेच मौन बंदरात आणि संसदेतही पाळायचे ठरवले, तर लोकशाही देशाची पंचाईत होते. कॉन्कररइतकी ती दुसऱ्या कुठल्याही पाणबुडीच्या वाट्याला आलेली नाही.

लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड हे गाव आहे. तिथल्या कॅमेल लेअर्ड कंपनीच्या गोदीत ५ डिसेंबर १९६७ रोजी कॉन्कररचा पाया घातला गेला. २८ ऑगस्ट १९६९ ला ती पाण्यात उतरली आणि ९ नोव्हेंबर १९७१ ला नौदलात दाखल झाली. चर्चिल, कॉन्करर आणि करेजस अशा या वर्गाच्या तीन बहिणी. बाकीच्या दोघी बॅरो इथे बांधल्या गेल्या, ही एकटीच बर्कनहेडची. लांबी सुमारे ८७ मीटर, पाण्याखालचे विस्थापन ४,९०० टनांच्या आसपास, नाकाशी सहा पाणतीर-नळ्या, आत शंभराहून अधिक माणसे.

तिच्या पोटात रोल्स रॉइसची अणुभट्टी होती. युरेनियमच्या विखंडनातून उष्णता निघते, प्रचंड दाबाखालचे पाणी ती उचलते आणि शेजारच्या वेगळ्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ करते. त्या वाफेवर झोतयंत्रे फिरतात आणि शेवटी पंखा फिरतो. या सगळ्या साखळीत हवा कुठेच लागत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढावी लागते. बॅटरी वाचवायची तर तिला पाण्याखाली सावकाश चालावे लागते. अणुपाणबुडी पाण्यातूनच विजेच्या साहाय्याने प्राणवायू काढते, कार्बन डायऑक्साइड गाळून बाहेर टाकते आणि आठवडेच्या आठवडे सगळ्यात वेगवान युद्धनौकांच्या बरोबरीने खोलवर धावू शकते. तिची मर्यादा ठरते ती कोठारातल्या शिध्याने आणि माणसांच्या सहनशक्तीने.

कॉन्करर नौदलात आल्यानंतर बरोबर एक महिन्याने, ९ डिसेंबर १९७१ रोजी, मुंबईहून निघालेली आयएनएस खुकरी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याचा तो पहिला प्रसंग. हंगोर डिझेलवर चालणारी होती. त्यानंतर दहा वर्षांनी जगात असा दुसरा प्रसंग घडला, तो कॉन्कररच्या हातून. लढाईत शत्रूची युद्धनौका बुडवणारी ती पहिली अणुपाणबुडी.

अणुभट्टीच्या पाणबुडीत एक उणीव मात्र जन्मजात असते. डिझेल पाणबुडी बॅटरीवर असली की जवळजवळ निःशब्द होते. अणुभट्टी तशी बंद करून ठेवता येत नाही; ती थंड राखणारे पंप फिरतच राहतात आणि त्यांची घरघर पोलादातून पाण्यात उतरते. म्हणून या पिढीच्या ब्रिटिश पाणबुड्यांत मुख्य यंत्रे थेट सांगाड्यावर न बसवता एका तरत्या चौकटीवर बसवली, म्हणजे त्यांची थरथर कवचापर्यंत पोहोचू नये. आत राहणाऱ्यांचे सारे जगणे आवाज न करण्याभोवती रचलेले असे. हातातून निसटलेला पाना, जोरात आपटलेले दार, एवढ्यानेही दूरवरचा सोनार सावध होऊ शकतो.

तिचे घर स्कॉटलंडमधले फॅसलेन. तिथून क्लाइड नदीच्या मुखातून बाहेर पडायचे आणि उत्तरेला जायचे, हा तिच्या शीतयुद्धाच्या वर्षांचा शिरस्ता. सोव्हिएत पाणबुड्या कुठून निघतात, त्यांच्या पंख्याचा आवाज कसा आहे, क्षेपणास्त्रे घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्या कोणत्या मार्गाने जातात, हे ऐकत मागे राहायचे. मागोवा घेणाऱ्याचा पत्ता लागला की मोहीम फसली. म्हणजे जी मोहीम यशस्वी, तिच्याबद्दल कुणालाच काही कळत नाही. दहा वर्षे कॉन्कररचे हेच काम चालू होते.

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. दक्षिण अटलांटिकमधली ही वाऱ्याची, मेंढ्यांची बेटे ब्रिटनपासून सुमारे १३,००० किलोमीटर दूर आहेत. विमानवाहू नौकांचा ताफा जमवून निघायला आणि पोहोचायला आठवडे लागणार होते. अणुपाणबुड्यांना सोबत लागत नाही, वाटेत इंधन घ्यावे लागत नाही, हवामानाची फारशी तमा नसते. जिब्राल्टरहून निघालेली स्पार्टन सर्वात आधी पोहोचली, पाठोपाठ स्प्लेंडिड, आणि मग कॉन्करर. तिचे कप्तान कमांडर ख्रिस्तोफर रेफर्ड-ब्राऊन यांनी तिची सूत्रे नुकतीच हाती घेतली होती. निघताना नौदलाच्या विशेष पथकाचे जवान आणि त्यांचे टनावारी सामान आत कोंबले होते. मुळात जिथे माणसाला अंग वळवायला जागा नाही, तिथे हा भार घेऊन ती दक्षिण जॉर्जियापर्यंत गेली.

ते बेट २५ एप्रिलला ब्रिटिशांनी परत घेतले आणि कॉन्कररला नवे काम मिळाले: फॉकलंडच्या नैर्ऋत्येला जाऊन बेलग्रानोला शोधणे. ही क्रूझर १९३८ मध्ये अमेरिकन नौदलात फीनिक्स नावाने दाखल झालेली. पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून ती सहीसलामत सुटली होती. १९५१ मध्ये अर्जेंटिनाने ती विकत घेतली. जहाज जुने खरे, पण तिच्या सहा इंची तोफा आणि जाड पोलादी पट्टा अजून शाबूत होता. सोबत हिपोलितो बूचार्द आणि पिएद्रा बुएना या दोन विनाशिका होत्या आणि त्यांच्यावर एक्झोसेट क्षेपणास्त्रे होती. महिनाअखेरीस कॉन्कररच्या सोनारने या गटाचा माग काढला आणि १ मे रोजी पेरिस्कोपमधून जहाजे प्रत्यक्ष दिसली. ती तेलवाहू जहाजाकडून इंधन घेत होती. हल्ल्याला परवानगी नव्हती, म्हणून कॉन्करर मागे लागली आणि तीसेक तास मागे राहिली.

या पाठलागात एक युक्ती पुन्हा पुन्हा करावी लागते. खोल जाऊन पंधरा-वीस मिनिटे वेगाने धावायचे. त्या वेळी स्वतःच्याच पाण्याच्या खळखळाटात सोनार बहिरा होतो. मग वेग उतरवून हलकेच वर यायचे, पेरिस्कोप क्षणभर काढून पाहायचे, अंदाज चुकला नाही ना याची खात्री करायची आणि पुन्हा खाली जायचे. वर येण्याचा प्रत्येक क्षण धोक्याचा आणि खाली धावण्याचा प्रत्येक क्षण आंधळा.

ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल सँडी वुडवर्ड यांची ध्वजनौका होती हर्मीस. मुंबईकरांना ती नंतर विराट म्हणून ओळखीची झाली. वुडवर्ड यांना दोन बाजूंनी कात्रीत सापडण्याची भीती होती. उत्तरेकडून विमानवाहू नौका बेंतिसिंको दे मायो आणि दक्षिणेकडून बेलग्रानो. शिवाय दक्षिणेला बर्डवुड बँक नावाचे उथळ पठार होते. बेलग्रानो त्यावरून वळली असती, तर तिच्यामागे धावणारी पाणबुडी एक तर उघडी पडली असती, नाही तर मागे राहिली असती. मात्र पाणबुड्यांवर वुडवर्ड यांचा हुकूम चालत नव्हता. त्यांना आदेश लंडनजवळच्या नॉर्थवुड या मुख्यालयाहून मिळत. २ मेच्या पहाटे वुडवर्ड यांनी तरीही कॉन्कररला हल्ल्याचा थेट आदेश पाठवला. आपण अधिकाराबाहेर जातो आहोत हे त्यांना ठाऊक होते. नॉर्थवुडने तो संदेश उपग्रहावरून काढून घेतला, पण प्रश्नाची निकड वरपर्यंत पोहोचली. दुपारी चेकर्स या ग्रामीण निवासस्थानी पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि त्यांच्या युद्धमंडळाने नियम बदलला. बेटांभोवती २०० सागरी मैलांचे प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालेले होते. आता त्याबाहेरही अर्जेंटिनाच्या युद्धनौकांवर हल्ला करता येणार होता.

दरम्यान समुद्रावरचे चित्र बदलले होते. वारा पडल्यामुळे बेंतिसिंको दे मायोवरची बॉम्बने लादलेली विमाने उडू शकली नाहीत, अर्जेंटिनाचा हल्ला रहित झाला आणि बेलग्रानो पश्चिमेकडे, मायदेशाच्या दिशेला वळली. कॉन्कररला संदेश तुटक मिळत होते. आदेश पुरता हाती येईपर्यंत लंडनमध्ये संध्याकाळ होत आली होती. रेफर्ड-ब्राऊन यांनी पाणबुडी खोल नेऊन जहाजाच्या डाव्या बाजूला आणली. नव्या टायगरफिश पाणतिरांचा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनी मार्क ८ निवडला. १९२० च्या दशकात आराखडा झालेला हा पाणतीर सरळ रेषेत धावतो, स्वतः काही शोधत नाही, पण त्याच्या डोक्यात ३६५ किलो स्फोटक असते आणि क्रूझरचे जाड कवच फोडायला तेच हवे होते. अंतर बाराशे-तेराशे मीटरच्या आसपास. अर्जेंटिनाच्या घड्याळात दुपारचे ३ वाजून ५७ मिनिटे झाली असताना तीन पाणतीर सुटले.

एकाने बेलग्रानोचे नाक तोडले. दुसरा मागच्या यंत्रकक्षाजवळ लागला आणि मृतांतली बहुतेक माणसे तिथे, जागच्या जागी मेली. वीज गेली, पंप थांबले, जहाज डावीकडे कलले. कॅप्टन एक्तोर बोन्झो यांनी अर्ध्या तासाच्या आत जहाज सोडण्याचा आदेश दिला. रबरी तराफ्यांवर उतरलेली माणसे हिवाळ्याच्या तोंडावरच्या दक्षिण अटलांटिकमध्ये, वादळी लाटांत, रात्रभर एकमेकांना बिलगून राहिली. धुक्यात आणि गोंधळात सोबतच्या दोन विनाशिकांना आधी काय झाले हेच कळले नाही. जहाजावर १,०९३ जण होते, ३२३ गेले. त्यांत जहाजावर उपाहारगृह चालवणारे दोन नागरिक होते, सख्खे भाऊ. अर्जेंटिनाने त्या युद्धात ६४९ माणसे गमावली. त्यातली जवळजवळ निम्मी या एका हल्ल्यातली.

यानंतर अर्जेंटिनाचे नौदल किनाऱ्याकडे परतले आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्या मोठ्या जहाजांनी डोके वर काढले नाही. समुद्राखाली कुठेतरी असे काही आहे, एवढी जाणीव पुरेशी ठरली. दोनच दिवसांनी एक्झोसेटने ब्रिटनची शेफील्ड ही विनाशिका पेटली, तीही गेली, पण तो हल्ला विमानांनी केला होता.

जुलैच्या सुरुवातीला कॉन्करर फॅसलेनला परतली तेव्हा तिच्या मनोऱ्यावर कवटी आणि हाडांचा चाच्यांचा झेंडा फडकत होता. ब्रिटिश पाणबुड्यांची ही पहिल्या महायुद्धापासूनची रीत. शतकाच्या आरंभी एका ॲडमिरलने पाणबुडीवाल्यांना चाच्यांसारखे फासावर द्यावे असे म्हटले होते. त्याला उत्तर म्हणून मॅक्स हॉर्टन या कप्तानाने १९१४ मध्ये जर्मन क्रूझर बुडवल्यावर हा झेंडा लावला. बंदरावरचा तो जल्लोष छायाचित्रांत पाहताना मला ३२३ हा आकडा विसरता येत नाही, आणि त्या खलाशांच्या चेहऱ्यांवरची सुटका समजत नाही असेही नाही. तीन महिन्यांत त्यांनी आकाश जवळपास पाहिलेलेच नव्हते.

यानंतरची गोष्ट समुद्राबाहेरची आहे आणि ती जास्त काळ चालली. ४ मे रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी पार्लमेंटला सांगितले, की बेलग्रानोचा गट ब्रिटिश ताफ्याच्या जवळ येत होता. ते खरे नव्हते. जहाज कित्येक तास उलट्या दिशेने चालले होते आणि प्रतिबंधित क्षेत्राच्या बाहेर होते. टॅम डॅलिएल या मजूर पक्षाच्या खासदाराने हा धागा सोडला नाही. मे १९८३ मध्ये डायना गूल्ड या शिक्षिकेने बीबीसीच्या थेट कार्यक्रमात थॅचर यांना दिशेबद्दल वारंवार विचारले, आणि पंतप्रधानांची तेव्हाची अस्वस्थता साऱ्या देशाने पाहिली. कॉन्कररवरचे लेफ्टनंट नरेंद्र सेठिया मोहिमेत खासगी दैनंदिनी लिहीत होते. ती छापून आल्यावर पाठलागाचा क्रम लोकांना आतल्या माणसाच्या शब्दांत वाचायला मिळाला. मग १९८४ मध्ये संरक्षण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी कागदपत्रे डॅलिएल यांच्याकडे पाठवली. त्यांच्यावर गोपनीयता कायद्याखाली खटला चालला. न्यायाधीशांचा कल उघडपणे शिक्षेकडे होता, तरी फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. सरकारने १९८९ मध्ये नवा कायदा आणला आणि लोकहितासाठी गुपित उघड केले, या बचावाची वाट बंद केली.

माझे मत स्पष्ट आहे. बेलग्रानोवरचा हल्ला युद्धाच्या नियमांत बसणारा होता. क्षेत्राबाहेरच्या जहाजांवरही धोका वाटल्यास कारवाई होईल, असा इशारा ब्रिटनने २३ एप्रिललाच दिला होता. युद्धनौकेचे नाक दुपारी पश्चिमेला असले म्हणजे ते रात्री पूर्वेला वळणार नाही असे नसते. खुद्द बोन्झो यांनी नंतर सांगितले, की पश्चिमेचा प्रवास तात्पुरता होता. बुडवणे ही युद्धातली कृती होती, हे त्यांनी मान्य केले. अर्जेंटिनाच्या नौदलानेही पुढे हीच भूमिका घेतली. म्हणजे सरकारपाशी सांगण्यासारखे खरे उत्तर होते. तरीही त्याने खोटे सांगितले, आणि मग ते खोटे सावरण्यात दोन वर्षे घालवली. वही हरवली नसती तर दिशेबद्दलचा वाद एका पानात संपला असता.

पण मंत्रालयाला त्या वहीपेक्षाही मोठे काहीतरी झाकायचे होते, असे मानायला आता जागा आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये, म्हणजे फॉकलंडहून येऊन जेमतेम महिना होतो न होतो तोच, हीच पाणबुडी, याच कप्तानाखाली, बॅरेंट्स समुद्रात गेली. मोहिमेचे सांकेतिक नाव बारमेड. पोलंडचा ध्वज लावलेले एक हेरगिरी करणारे जहाज तिथे सोव्हिएत बनावटीचे ओढसोनार वापरत होते. जहाजामागे लांबच लांब केबल, तिच्या टोकाला पाण्यातले आवाज टिपणाऱ्या श्रवणयंत्रांची माळ; सगळे मिळून सुमारे तीन किलोमीटर. सोव्हिएत अभियंते या तंत्रात कुठवर आले आहेत, आणि आपल्या पाणबुड्या त्यांना किती अंतरावरून ऐकू येतात, हे पाश्चात्त्यांना काहीही करून हवे होते.

उपाय ठरला तो केबल कापून माळच पळवण्याचा. कॉन्कररच्या नाकावर कॅमेऱ्याने चालवायच्या मोठ्या चिमट्या बसवल्या होत्या. जहाजाच्या पोटाखाली, त्याच्या सोनारला न दिसणाऱ्या पट्ट्यात शिरायचे, वर पंखा फिरतो आहे त्यापासून काही मीटरवर वेग तंतोतंत जुळवायचा आणि जाडजूड पोलादी केबल चिमट्यांनी कुरतडत तोडायची. स्वच्छ काप नको होता. समुद्रतळावरच्या कशात तरी अडकून ती तुटली, असे वरच्यांना वाटायला हवे होते. तुटल्यावर माळ हातातून निसटू नये म्हणून ती धरून ठेवली, आणि सुरक्षित अंतरावर गेल्यावर गोताखोरांनी बाहेर उतरून ती कवचाला बांधली. नंतर तो ऐवज विमानाने अमेरिकेला गेला. तीस वर्षे खलाशांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. २०१२ मध्ये पत्रकार स्टुअर्ट प्रेबल यांच्या पुस्तकातून ही हकीकत बाहेर आली, तेव्हा वहीच्या गायब होण्याचा संबंधही त्यांनी याच गुपिताशी जोडला. तो तर्क आहे, पुरावा नव्हे. पण बेलग्रानोच्या वादात चौकशी समिती कॉन्कररच्या कागदांत खोल शिरली असती, तर बारमेडचा सुगावा लागण्याची भीती मंत्रालयाला वाटणे अगदी स्वाभाविक होते.

पुढची वर्षे शांत गेली. जुलै १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ तिची एका शिडाच्या नौकेशी टक्कर झाली. नौका बुडाली, चौघे खलाशी वाचले. तिच्या पिढीच्या अणुपाणबुड्यांत तोवर अणुभट्टीच्या नळयोजनेला तडे आढळू लागले होते आणि शीतयुद्धही ओसरत होते. २ ऑगस्ट १९९० रोजी कॉन्करर सेवेतून काढली गेली. तिचा एक पेरिस्कोप, कप्तानाची खोली आणि मुख्य नियंत्रण फलक गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात ठेवले आहेत.

कवच मात्र डेव्हनपोर्टच्या गोदीत तरंगते आहे. वुडवर्ड यांनी जिच्यावरून आपला आगाऊ आदेश पाठवला ती हर्मीस विराट होऊन तीस वर्षे आपल्या नौदलात राहिली, मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली आणि २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. अणुपाणबुडीचे तसे करता येत नाही. अणुभट्टीभोवतीच्या पोलादावर वर्षानुवर्षे न्यूट्रॉनचा मारा होऊन ते स्वतःच किरणोत्सर्गी झालेले असते, आणि ते वेगळे काढून ठेवायचे कुठे याचा निर्णय ब्रिटनने कित्येक दशके लांबवला. पूर्ण विघटनाचे पहिले काम स्कॉटलंडच्या रोसाइथ इथे स्विफ्टशुअर या पाणबुडीवर हाती घेतले गेले आहे. कॉन्कररसह बाकीच्यांची पाळी त्यानंतरची.